मशीनला सिम कोणतं, नेटवर्क कोणतं? सांगली-साताऱ्याच्या उद्योगांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतले कारखानदार, तासगावकडचे कोल्ड स्टोरेजवाले, दूध संघ, ग्रामपंचायतींच्या पाणीयोजना बघणारे ठेकेदार, कराड-पाटणकडचे पवनचक्कीवाले असे अनेकजण आमच्याकडे जवळपास हेच प्रश्न घेऊन येतात. मशीनची, टाकीची, मोटरीची किंवा गाडीची माहिती मोबाईल नेटवर्कवरून ऑफिसात आणायची असते आणि बाजारात मॉडेमचे इतके प्रकार असतात की माणूस गोंधळतो. उत्तरं देताना आम्ही आमचं मतही सांगितलं आहे.

नवीन काम निघालंय. सुरुवात मॉडेम निवडण्यापासून करायची का?

जागेपासून करा. यंत्र कुठे बसणार, तिथे वीज आहे का, ते जागचं हलणार का आणि दिवसातून किती वेळा किती माहिती पाठवणार, एवढं कागदावर आलं की निम्मी निवड आपोआप होते. म्हैसाळ योजनेच्या पोटकालव्यावर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधला तापमापक आणि ऊस वाहणारा ट्रक या तिघांची गरज तीन प्रकारची आहे. तिन्हींना एकच डबी देऊ पाहणारा विक्रेता आला तर भाव ठरवण्याआधी त्याला जागेवर घेऊन जा.

आमचं सगळं टूजीवर चाललंय. बदलायचं कशाला?

जे चाललंय ते उद्या सकाळी उपटून टाकायची गरज नाही. आपल्या भागातल्या कितीतरी विहिरींवरचे मोबाईल ऑटो (फोनवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या पेट्या) टूजीवरच आहेत. रात्री दोन वाजता थ्री फेज आली तरी शेतकरी घरूनच मोटर चालू करतो. एवढ्या एका सोयीने रात्री-अपरात्री ओल्या बांधावरून जाणं वाचलं आहे, ही मोठी गोष्ट आहे.

नवीन काम मात्र टूजीवर सुरू करू नका. जिओकडे टूजी मुळातच नाही, त्यामुळे एक पर्याय पहिल्याच दिवशी कमी होतो. एअरटेलने २०१९-२० च्या सुमारास आपलं थ्रीजी बंद केलं आणि ते स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचे पट्टे) फोरजीला दिलं. टूजी अजून टिकून आहे ते मुख्यतः साध्या फोनमुळे. ते फोन जसे कमी होतील तसं ऑपरेटर टूजीचं स्पेक्ट्रमही दुसरीकडे वळवतील. तुमचं यंत्र आठ-दहा वर्षं जागेवर राहणार असेल तर ही जोखीम घेऊ नये.

आणखी एक कारण विजेचं. टूजी मॉडेम टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. मोटरीच्या पेटीतल्या स्वस्त अ‍ॅडॅप्टरला ते झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि मॉडेम रिस्टार्ट होतो. लोक म्हणतात रेंज जाते. खरं दुखणं अ‍ॅडॅप्टरचं असतं.

मग आज नवीन कामाला काय घ्यावं?

वीज उपलब्ध असेल तर आमचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: फोरजी कॅट-१ बिस. कॅट-१ हा एलटीईचा, म्हणजे फोरजीचा, सुरुवातीपासूनचा साधा वर्ग आहे. त्याचा वेग खाली (डाउनलोड) १० आणि वर (अपलोड) ५ मेगाबिटपर्यंत जातो. ‘बिस’ प्रकार मोबाईल मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत (रिलीज-१३) आला आणि त्याला दोनऐवजी एकच अँटेना लागते. त्यामुळे डबी लहान होते, खर्च कमी होतो आणि वेग तेवढाच राहतो.

त्याचा सगळ्यात मोठा गुण असा की तो नेहमीच्या फोरजी नेटवर्कवर चालतो. गावात माणसांच्या फोनला फोरजी मिळत असेल तर यालाही मिळतं. टॉवरवर वेगळी काही सोय सुरू केली आहे का, हे विचारत बसावं लागत नाही. दुधाचे बल्क कूलर, कोल्ड स्टोरेज, कंप्रेसर, पाण्याच्या टाक्या, सोलर प्लँट, वजनकाटे या सगळ्यांना तो पुरतो.

एक सावधगिरी बाळगा. जुना ऑटो मिस्ड कॉलवर चालत असेल आणि तीच सवय नव्या यंत्रात हवी असेल, तर मॉड्यूलला (यंत्रातल्या मॉडेमच्या चिपला) आणि सिमला व्होल्टे चालतं का हे आधी बघा. फोरजीवर आवाज व्होल्टेमधूनच जातो. डेटा उत्तम चालतोय आणि मिस्ड कॉल लागतच नाही, अशी तक्रार इथूनच सुरू होते.

एनबी-आयओटीची बॅटरी दहा वर्षं चालते म्हणतात. खरं आहे का?

चालू शकते, पण ते तुमच्या जागेवर अवलंबून आहे. एनबी-आयओटी हे मीटर-सेन्सरच्या छोट्या निरोपांसाठी बनवलेलं मोबाईल तंत्र. ते जेमतेम २०० किलोहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यात चालतं. वेग काही दहा किलोबिटांचा असतो. त्या बदल्यात पोच मिळते. जीपीआरएसला (टूजीवरच्या डेटाला) जिथे सिग्नलमध्ये १४४ डेसिबलच्या आसपास घट सोसते तिथे हे १६४ पर्यंत सोसतं. २० डेसिबल म्हणजे शंभरपट अशक्त सिग्नलवरही निरोप पोचतो. जमिनीखालच्या चेंबरमधल्या पाणीमीटरसाठी ते याचमुळे चांगलं.

ही पोच फुकट मिळत नाही. सिग्नल कमजोर असला की मॉडेम तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो. वर जाणारा निरोप १२८ वेळांपर्यंत पुन्हा जाऊ शकतो. प्रत्येक खेपेला बॅटरी जळते.

उदाहरणादाखल हिशेब करू. ३.६ व्होल्टचा मोठा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल १९ अँपिअर-तासांचा असतो. समजा दर तासाला एक निरोप जातो. रेंज चांगली असताना मॉडेम दहा सेकंद जागा राहिला आणि सरासरी ६० मिलिअँपिअर ओढले, तर एका निरोपाला सुमारे ०.१७ मिलिअँपिअर-तास लागतात आणि दिवसाला चार. कागदावर हा सेल तेरा वर्षं जातो. सेल स्वतःहूनही झिजतो, म्हणून प्रत्यक्षात कमी धरा. आता तेच यंत्र लोखंडी झाकणाच्या चेंबरमध्ये ठेवा. मॉडेम एका निरोपासाठी मिनिटभराहून जास्त जागा राहिला आणि सरासरी १०० मिलिअँपिअर ओढू लागला, तर निरोपाला दोन आणि दिवसाला ४८ मिलिअँपिअर-तास जातात. सेल वर्षभरात संपतो. मॉडेम तोच आणि सेलही तोच. फरक फक्त झाकणाचा. म्हणून “बॅटरी किती वर्षं?” एवढंच विचारू नका, “किती डीबीएमला (म्हणजे सिग्नलच्या किती ताकदीला) आणि दिवसाला किती निरोपांना?” असं विचारा. आकडा सांगता येत नसेल तर त्या दहा वर्षांना अर्थ नाही.

दुसरी मर्यादा हुकमाची. बॅटरी वाचवायला मॉडेम पीएसएम नावाच्या गाढ झोपेत जातो आणि त्या वेळात ऑफिसातून त्याला हाक मारता येत नाही. मीटर वाचायला हे चालतं. व्हॉल्व्ह आत्ताच्या आत्ता बंद करायचा असेल किंवा मोटर थांबवायची असेल तर हे तंत्र घेऊ नका. त्यात आवाजाची सोयही नाही. धावत्या गाडीला एका टॉवरवरून दुसऱ्यावर बोलणं न तुटता सोपवणंही त्यात नाही.

आणि फोनला फोरजी आहे म्हणून तिथे एनबी-आयओटी असेलच असं समजू नका. ऑपरेटरकडून त्या गावाच्या, शक्य झालं तर त्या टॉवरच्या नावानिशी लेखी घ्या.

आणि एलटीई-एम?

हेही यंत्रांसाठीच बनवलेलं फोरजीतलं तंत्र, आणि तंत्र म्हणून उत्तम आहे. वेग एक मेगाबिटच्या घरात, गाडीतही चालतं, बॅटरीही वाचवतं. परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकात ते ठळक असतं. पण तुमच्या जागेवर ही सेवा आहे असं इथल्या ऑपरेटरने लिहून दिलं तरच विचार करा. नाहीतर कॅट-१ बिसवर या.

माझ्या फोनला फुल्ल रेंज दिसते आणि यंत्र ऑफलाइन. असं का?

सगळ्यात जास्त वेळा आम्ही याचंच उत्तर देतो, म्हणून जरा सविस्तर.

फोन तुम्ही हातात घेऊन दारात उभे असता. यंत्र असतं मोटरघरात, पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून दोन फुटांवर. अँटेना पेटीच्या आत ठेवली तर निम्मं काम तिथेच बिघडतं. कोल्ड स्टोरेजला पफ पॅनेलच्या (आत फोम भरलेल्या) भिंती असतात आणि त्याच्या दोन्ही अंगांना पत्रा असतो. आतल्या चेंबरमध्ये मॉडेम ठेवून रेंज शोधणं व्यर्थ आहे. तापमानाचा सेन्सर आत ठेवा, वायर बाहेर काढा आणि मॉडेम व अँटेना बाहेरच्या भिंतीवर घ्या.

उसाचं तर वेगळंच प्रकरण. फेब्रुवारीत तोड झाल्यावर रान मोकळं असतं, तेव्हा यंत्र बसवलं की रेंज झकास दिसते. ऑगस्टमध्ये तिथेच दहा फूट उंच ऊस उभा असतो आणि पाला पावसाने निथळत असतो. ओला पाला रेडिओ लहरी शोषतो. यंत्र बिघडलं म्हणून माणूस पाठवला जातो आणि यंत्रात काहीच बिघाड नसतो. वाळवा-पलूसच्या बागायतीत काम असेल तर अँटेना पहिल्या दिवसापासून पाइपवर चढवून उसाच्या शेंड्याच्या वर काढा. केबल मात्र गरजेपुरतीच ठेवा. हलकी पातळ केबल दहा मीटर ओढली तर वर चढून मिळवलेलं खाली येताना गमावाल.

आता आकड्यांचं. विक्रेता मॉडेमने दिलेला “सीएसक्यू २०” हा रेंजचा आकडा दाखवून रेंज चांगली म्हणेल. सीएसक्यू २० म्हणजे आरएसएसआय (पट्ट्यातल्या सगळ्या सिग्नल-गोंगाटाची एकूण ताकद) उणे ७३ डीबीएम. पण फोरजीत बघायचा आकडा आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या फक्त संदर्भ-सिग्नलची ताकद. दहा मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टॉवर गजबजलेला असेल तर तो आरएसएसआयच्या सुमारे २८ डेसिबल खाली असतो. म्हणजे ती चांगली रेंज प्रत्यक्षात उणे १०१ निघते. आम्ही ढोबळमानाने असं धरतो: उणे ९५ च्या आत असेल तर निश्चिंत, १०५ पर्यंत ठीक, ११० च्या पलीकडे अँटेनाची जागा बदला. आरएसआरपी चांगली आणि तरीही यंत्र तुटतंय असं असेल तर एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) बघा. तो शून्याच्या खाली असेल तर आजूबाजूच्या टॉवरांचा गोंगाट जास्त आहे.

चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारांवर असा गोंगाट होऊ शकतो. उंचीवरून दूरदूरचे टॉवर दिसतात आणि मॉडेम कधी इकडे कधी तिकडे उड्या मारतो. तिथे एका टॉवरकडे तोंड केलेली दिशादर्शक अँटेना लावा. पठारावर विजा पडतात, म्हणून अर्थिंगही व्यवस्थित करा.

कोणत्या कंपनीचं सिम घ्यावं?

जागेवर मोजल्याशिवाय कोणीही सांगू नये, आम्हीही सांगत नाही. दोन-तीन कंपन्यांची सिम घेऊन खऱ्या यंत्रात, खऱ्या पेटीत, झाकण लावून मोजा. सकाळी मोजा आणि संध्याकाळीही मोजा. संध्याकाळी गाव घरी परतलेलं असतं आणि सगळे फोनवर असतात.

मॉड्यूल घेताना बँड, म्हणजे ते लहरींच्या कोणकोणत्या पट्ट्यांवर चालतं, हे तपासा. भारतात फोरजीला बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ वापरात आहेत. बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर अधिकृतपणे सुरू झालं. ते हवं असेल तर ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ ही मॉड्यूलमध्ये असावा. दुसऱ्या देशासाठी बनवलेलं स्वस्त मॉड्यूल आणलं आणि त्यात बँड ५ किंवा ८ नसला, तर खेड्यात लांबवर पोचणारे पट्टेच हातातून जातात.

जत किंवा मिरजेच्या पूर्व भागात काम असेल तर अजून एक गोष्ट. सांगली मोबाईल सेवेच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये (विभागात) येते, पलीकडचा टॉवर कर्नाटक सर्कलचा. सीमेवरच्या गावात यंत्राला कधी कधी पलीकडचा टॉवरच जास्त चांगला दिसतो. सर्कल बदललं की नेटवर्कचा कोडही बदलतो. सिमवर रोमिंग बंद असेल किंवा मॉडेमला एकच कोड बांधून दिला असेल तर यंत्र मुकं होतं. प्लॅन घेतानाच देशांतर्गत रोमिंग चालू आहे याची खात्री करा.

साधं प्रीपेड सिम घातलं तर काय बिघडतं?

दहा यंत्रांपर्यंत काही बिघडत नाही असं वाटतं. मग कोणाच्या तरी नावावरच्या सिमचा रिचार्ज चुकतो, ज्याच्या नावावर सिम तो माणूस नोकरी सोडतो आणि कागदपत्रं सापडत नाहीत. यंत्रासाठी एम-टू-एम (मशीन-टू-मशीन) सिमच घ्या. त्यांना तेरा आकडी क्रमांक असतो. ही क्रमांकपद्धत २०१८ पासून लागू झाली. कॉल आणि एसएमएस ठरवून दिलेल्या मोजक्या क्रमांकांपुरते ठेवता येतात, आणि शंभर सिम एकाच पोर्टलवर दिसतात. ऑटोवर पाच भावांचे पाच नंबर चालवायचे असतील तर ही मर्यादा आधीच समजून घ्या.

सिम चोरीलाही जातात. पेटी उघडून कोणी सिम काढलं आणि फोनमध्ये घातलं की महिन्याचा डेटा एका रात्रीत व्हिडिओ बघण्यात संपतो. ऑपरेटरकडून सिम त्या यंत्राच्या आयएमईआयला (मॉडेमच्या ओळख क्रमांकाला) बांधून घ्या. कंप किंवा उष्णता असलेल्या जागी, उदाहरणार्थ साखर कारखान्यात, बोर्डवरच सोल्डर केलेलं ६ बाय ५ मिलिमीटरचं सिम बरं. ते निघत नाही आणि गंजतही नाही.

दुसऱ्यांना ही सेवा विकणार असाल तर दूरसंचार विभागाकडे एम-टू-एम सेवादाता म्हणून नोंदणी लागते. त्याची नियमावली २०२२ ची. यंत्राच्या बाजूने टीईसीचं (दूरसंचार विभागाच्या तांत्रिक संस्थेचं) एमटीसीटीई, म्हणजे सक्तीच्या चाचणीचं, प्रमाणपत्र बघा. आयओटी गेटवे (अनेक सेन्सरांची माहिती गोळा करून पुढे पाठवणारी पेटी) आणि ट्रॅकिंग डिव्हाइस दोन्ही त्यात येतात.

डेटा किती लागेल?

वाटतो त्यापेक्षा कमी, पण यंत्राचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो उधळला नाही तर. दर पंधरा मिनिटांनी एक म्हणजे महिन्याला २,८८० निरोप. जोडणी टिकवून ठेवली आणि निरोप २०० बाइटचा असला तर महिन्याला अर्धा-पाऊण एमबी पुरतो. प्रत्येक वेळी नव्याने सुरक्षित जोडणी करायची ठेवली आणि त्यातच पाच केबी गेले, तर तोच आकडा १४ एमबीच्या पुढे जातो. प्लॅन मोठा घेण्याआधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याशी बोला. सुरक्षितता मात्र काढून टाकू नका, फक्त जोडणी वारंवार तोडू नका.

कोयना खोऱ्यात, महाबळेश्वर-जावळीच्या घाटात रेंजच नाही. तिथे काय?

तिथे मोबाईल तंत्र बदलून उपयोग होत नाही, कारण डोंगर आडवा आहे. दरीत लोरा रेडिओचे (कमी विजेवर लांब पोचणाऱ्या, सिम न लागणाऱ्या रेडिओचे) सेन्सर ठेवा आणि जिथून दरीही दिसते व टॉवरही दिसतो अशा उंच जागी एक गेटवे ठेवा. त्या गेटवेत कॅट-१ सिम आणि सोलर पॅनेल असलं की काम होतं. लोराला आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना मोकळा आहे. पावसाळ्यात तिथे दिवसचे दिवस ऊन पडत नाही, म्हणून बॅटरी जुलैच्या हिशेबाने घ्या.

महापुरात ही यंत्रं चालतात का?

सांगलीत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा असं आम्हाला मनापासून वाटतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी यंत्र वाचलं तरी टॉवरची खात्री नसते. वीज जाते, बॅटरी काही तासांत उतरते आणि रस्ते पाण्याखाली असल्याने जनरेटरला डिझेल पोचत नाही.

म्हणून पूररेषेतल्या यंत्राला तीन गोष्टी हव्यातच. स्वतःची मेमरी हवी, म्हणजे नेटवर्क परत आल्यावर मधल्या दिवसांची नोंद वेळेच्या शिक्क्यासह पाठवता येते. दुसऱ्या ऑपरेटरचं सिम हवं, आणि ते शक्यतो वेगळ्या टॉवरवरून चालणारं. एकाच टॉवरवर दोन्ही कंपन्या असतील तर दुसऱ्या सिमचा पैसा वाया जातो. तिसरं म्हणजे यंत्र मुकं झालं की ऑफिसच्या बाजूला तसा इशारा वाजला पाहिजे. पडद्यावर शेवटचा जुना आकडा तसाच दिसत राहिला तर माणसं त्यावर विश्वास ठेवून थांबतात. माहिती नसण्यापेक्षा शिळी माहिती जास्त घातक ठरते.

गाड्यांना काय?

कॅट-१ किंवा त्याच्या वरचं. प्रवासी वाहतुकीची गाडी असेल तर एआयएस-१४० या भारतीय वाहन-ट्रॅकिंग मानकाचंच यंत्र लागतं. त्यात दोन ऑपरेटरची सोय असलेलं एम्बेडेड सिम आणि पॅनिक बटण येतं. टेम्पो-ट्रकसाठी घाटात रेंज गेली तरी मधला मार्ग साठवून ठेवणारं यंत्र घ्या.

फाइव्हजी आलंय, त्यासाठी थांबावं का?

नाही. तापमान आणि पाणी मोजायला फाइव्हजी लागत नाही. रेडकॅप नावाचा हलका फाइव्हजी २०२२ च्या रिलीज-१७ मध्ये ठरला, पण त्याचा उपयोग कॅमेरे आणि मोठ्या यंत्रांना. कारखान्याच्या एका शेडमध्ये वीस मशीन असतील तर प्रत्येकीला सिम देण्यापेक्षा वायरने एका गेटवेवर आणा आणि तिथे एकच चांगली जोडणी द्या.

ऑर्डर देताना काय लिहून घ्यावं?

मॉड्यूलचं नेमकं मॉडेल आणि त्याचे बँड. कोणत्या रेंजला, दिवसाला किती निरोप धरून बॅटरीचं आयुष्य सांगितलं तो आकडा. प्रोग्रॅम दुरून अपडेट करता येतो का आणि अपडेट अर्ध्यात तुटला तर यंत्र जुन्या प्रोग्रॅमवर परत येतं का. सिम कोणाच्या नावावर राहणार. आमचा आग्रह असतो की ते तुमच्याच संस्थेच्या नावावर असावं, विक्रेत्याच्या नाही. डेटा कोणत्या सर्व्हरवर जाणार आणि करार संपल्यावर तो तुम्हाला कसा मिळणार. पैशाचा शेवटचा हप्ता एका पावसाळ्यानंतर देण्याची अट घाला. ऊस उभा असताना, लोडशेडिंग चालू असताना आणि पाऊस पडत असताना सगळी यंत्रं बोलत राहिली की मग तो हप्ता द्या.